ब्रिटिश रेल्वेची जुनी छायाचित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ब्रिटिश रेल्वे’ या नावात नेमक्या कोणत्या रेल्वे येतात?

बोलताना आपण ब्रिटनमधल्या कोणत्याही लोहमार्गाला ब्रिटिश रेल्वे म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. छायाचित्राखाली ओळ लिहिताना मात्र हे नाव जपून वापरावे लागते, कारण ‘ब्रिटिश रेल्वेज’ ही १ जानेवारी १९४८ रोजी राष्ट्रीयीकरणाने अस्तित्वात आलेली आणि नव्वदच्या दशकातील खासगीकरणात मोडून टाकलेली एक विशिष्ट संस्था होती. तिच्या आधीची पंचवीस वर्षे ग्रेट वेस्टर्न, लंडन मिडलंड अँड स्कॉटिश, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न आणि सदर्न या चार कंपन्यांची होती. १९२३ च्या त्या एकत्रीकरणापूर्वी तर मिडलंड, ग्रेट सेंट्रल, कॅलेडोनियन अशा शंभराहून अधिक लहानमोठ्या कंपन्या आपापल्या रंगांत आणि आपापल्या क्रमांकांनी गाड्या चालवत होत्या. १९१० सालच्या इंजिनाखाली ‘ब्रिटिश रेल्वेजचे इंजिन’ असे लिहिणे म्हणजे पेशवे दफ्तरातल्या कागदावर महाराष्ट्र शासनाचा शिक्का उमटवण्यासारखे आहे.

छायाचित्रावर तारीख नसेल तर काळ कसा ठरवावा?

नेमकी एकच तारीख शोधण्याचा हट्ट आधी सोडावा. ‘याच्या आधी हे शक्य नाही’ आणि ‘याच्या नंतर हे शक्य नाही’ अशा दोन मर्यादा आखाव्यात आणि एकेका पुराव्याने त्या जवळ आणत जावे.

पहिला पुरावा म्हणजे इंजिनाचा क्रमांक. राष्ट्रीयीकरणानंतर लंडन मिडलंड अँड स्कॉटिशच्या बहुतेक इंजिनांच्या क्रमांकात ४०,०००, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नच्या ६०,००० आणि सदर्नच्या ३०,००० मिळवण्यात आले, तर नव्या प्रमाणित इंजिनांना ७०,००० पासून पुढचे आकडे मिळाले. त्यामुळे पाच आकडी क्रमांक दिसला की छायाचित्र बहुधा १९४८ नंतरचे असते. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांनी मात्र पितळी पाट्यांवरचे आपले जुने क्रमांक तसेच ठेवले, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.

दुसरा पुरावा टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) किंवा पाण्याच्या टाकीच्या बाजूवर मिळतो. आरंभी तिथे संस्थेचे नाव पूर्ण अक्षरांत लिहीत असत. त्यानंतर चाकावर उभ्या असलेल्या सिंहाचे चिन्ह आले आणि १९५६ पासून मुकुटातून वर येणारा, हातात चाक धरलेला सिंह दिसू लागला. १९६५ मध्ये दुहेरी बाणाचे चिन्ह आले, पण ते डिझेल आणि विजेच्या इंजिनांवर. मुख्य मार्गांवरच्या वाफेच्या इंजिनांना ते लाभले नाही. वेल्समधल्या व्हेल ऑफ ऱ्हायडॉल या चिमुकल्या मार्गावरची तीन वाफेची इंजिने मात्र निळा रंग आणि हा दुहेरी बाण मिरवत राहिली, आणि ती पाहून अनेकांना छायाचित्रात कुणीतरी फेरफार केल्याचा संशय येतो.

डिझेल इंजिनांच्या बाबतीत तोंडावरचा पिवळा रंग पाहावा. साठच्या दशकाच्या आरंभी तो एका लहान चौकोनापुरता असे आणि दशक संपता संपता सगळे तोंडच पिवळे झाले. १९७३ पासून इंजिनाच्या वर्गाचा, म्हणजे प्रकाराचा, आकडा आधी असलेले नवे क्रमांक आले.

हे सारे पुरावे एकत्र कसे वापरायचे, यासाठी ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या प्रसिद्ध वाफेच्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. हे इंजिन १९२३ मध्ये डॉनकास्टर येथे बांधले गेले तेव्हा त्याचा क्रमांक १४७२ होता. पुढल्याच वर्षी तो ४४७२ झाला, १९४६ मध्ये १०३ झाला आणि राष्ट्रीयीकरणानंतर ६०१०३ झाला. दुहेरी धुराडे १९५९ च्या आरंभी बसले, तर धूर वर ढकलणारे बाजूचे पत्रे १९६१ च्या अखेरीस लागले. इंजिन सेवेतून निघाले ते जानेवारी १९६३ मध्ये. म्हणजे ६०१०३ हा क्रमांक आणि बाजूचे पत्रे दोन्ही दिसत असतील, तर छायाचित्र जेमतेम सव्वा वर्षाच्या अवधीतले ठरते. पण इथे एक मेख आहे. दीर्घ दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये हे इंजिन पुन्हा धावू लागले ते नेमके याच क्रमांकाने, याच पत्र्यांसह आणि याच हिरव्या रंगात. कृष्णधवल करून मुद्दाम जुनाट केलेले अलीकडचे छायाचित्र त्यामुळे सहज फसवते. अशा वेळी इंजिन सोडून आजूबाजूला पाहावे : रुळांवरच्या विजेच्या तारा, कामगारांच्या अंगावरची चमकत्या पट्ट्यांची जाकिटे आणि फलाटावरच्या लोकांच्या हातातले मोबाइल सत्य सांगून जातात.

इंजिनावर लिहिलेले नाव आणि क्रमांक तरी खात्रीचे मानावेत का?

बहुतेक वेळा मानावेत, पण डोळे मिटून नव्हे. रेल्वे कंपन्यांनी स्वतःच पाट्यांची अदलाबदल केल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. १९३३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनासाठी ‘रॉयल स्कॉट’ हे इंजिन अमेरिकेला पाठवल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात गेले ते ६१५२ क्रमांकाचे दुसरे इंजिन, ६१०० हा क्रमांक आणि ते नाव धारण करून, आणि ही अदलाबदल कायमचीच राहिली. १९३९ मध्ये ‘कॉरोनेशन’ या नावाने अमेरिकेत गेलेले तांबडे-सोनेरी इंजिन मुळात ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’ होते. महायुद्धामुळे ते तिकडेच अडकले, परत आले आणि १९४३ मध्ये दोघांना आपापली नावे परत मिळाली. म्हणजे १९३९ ते १९४३ या काळातल्या ‘कॉरोनेशन’च्या प्रत्येक छायाचित्राखाली खुलासा लिहावा लागतो.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर प्रसंगाचे आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांची अंत्ययात्रेची गाडी ‘विंडसर कॅसल’ने ओढावी असे ठरले होते, पण ते इंजिन, क्रमांक ४०८२, त्या वेळी कारखान्यात होते. मग ७०१३ क्रमांकाच्या ‘ब्रिस्टल कॅसल’वर त्याचे नाव आणि क्रमांक चढवण्यात आले, आणि ते पुढे कधी उतरवले गेले नाहीत. जाणकारांनी तेव्हाच पाट्यांपेक्षा बांधणीतले बारीक फरक पाहून ही गोष्ट ओळखली होती. म्हणून छायाचित्राच्या नोंदीत ‘पाटीवर असे वाचता येते’ हे एक वाक्य आणि ‘इंजिन हे असावे’ हे दुसरे वाक्य अशी फारकत ठेवणे इष्ट. आमच्या मते या विषयातल्या निम्म्या वादांचे मूळ ही दोन वाक्ये एकत्र मिसळण्यात असते.

गाडी कोणत्या प्रकारची होती, हे कसे समजते?

वाफेच्या काळात इंजिनाच्या तोंडावरील दिव्यांच्या मांडणीवरून ते कळत असे. दोन्ही बफरांच्या (पुढच्या धक्काशोषक दांड्यांच्या) वर एकेक दिवा असेल तर ती जलद प्रवासी गाडी आणि धुराड्याच्या पायाशी एकच दिवा असेल तर थांबत जाणारी पॅसेंजर. चार दिवे म्हणजे राजघराण्याची गाडी. सदर्न विभागात मात्र दिव्यांच्या व पांढऱ्या चकत्यांच्या मांडणीवरून गाडीचा प्रकार नव्हे, तर मार्ग कळत असे.

छायाचित्रात काळे दिसणारे इंजिन खरोखर काळे होते का?

असेलच असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० च्या दशकापर्यंत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचपट्ट्यांना आणि फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, तर निळा रंग गरजेपेक्षा अधिक उजळ उमटे. त्यामुळे मिडलंडचे किरमिजी इंजिन काळेभोर दिसते, कॅलेडोनियनचे निळे इंजिन फिकट राखाडी दिसते, आणि बहुतेक छायाचित्रांत आकाश कोरे पांढरे असते. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळल्यावर हा दोष पुष्कळ कमी झाला. राखाडी छटेवरून रंगाचा निर्णय देण्याआधी फिल्म कोणती असावी याचा विचार करावा, आणि तो करता येत नसेल तर रंगाविषयी मौन बाळगावे.

याच्या उलटही घडते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या इंजिनाचे अधिकृत छायाचित्र घेण्यासाठी ते मुद्दाम राखाडी रंगवत आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा ओढत, म्हणजे प्रत्येक रिव्हेट स्पष्ट उमटे. छायाचित्र झाले की खरा रंग दिला जाई. अशा छायाचित्रावरून ‘हे इंजिन राखाडी रंगात धावत होते’ असा निष्कर्ष काढणारे लोक आजही भेटतात.

जुन्या काळी छायाचित्रांत फेरफार होत असत का, आणि आज संगणकाने रंग भरणे योग्य आहे का?

होत असत, आणि उघडपणे होत असत. कारखान्याच्या काचपट्टीवर इंजिनाभोवतीचे आवार रंगाने झाकून टाकत, म्हणजे छापात इंजिन पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटे उभे दिसे. लोकोमोटिव्ह पब्लिशिंग कंपनीची ‘एफ. मूर’ या सहीची रंगीत चित्रे म्हणजे छायाचित्रांवर तैलरंग चढवून केलेले काम होते, आणि ‘एफ. मूर’ हे टोपणनाव होते. आज संगणकाने रंग भरण्याला आमची हरकत नाही. पण रंग भरलेली प्रत मूळ प्रतीशिवाय कधीही पुढे पाठवू नये आणि तिच्यावर तसे स्पष्ट लिहावे. यंत्र कोणत्याही इंजिनाला बेलाशक हिरवा रंग देते, आणि दोनचार हातांतून गेल्यावर तो रंग पुरावा म्हणून मांडला जाऊ लागतो.

ठिकाण कसे ओळखावे?

स्थानकाच्या नावाची पाटी किंवा सिग्नल केबिनवरचे नाव वाचता आले तर प्रश्नच मिटतो. ते नसेल तर सिग्नल पाहावा. ग्रेट वेस्टर्नच्या हद्दीत ‘मार्ग मोकळा’ दाखवताना सिग्नलचा हात खाली झुकतो, तर इतर कंपन्यांनी १९२० च्या दशकापासून हात वर उचलणारे सिग्नल बसवायला सुरुवात केली. रुळांशेजारी विजेचा तिसरा रूळ दिसला तर लंडनच्या दक्षिणेकडचा सदर्नचा मुलूख आधी तपासावा, मात्र तिसरा रूळ लिव्हरपूलच्या आसपासही होता हे विसरू नये. धूमपेटीच्या (इंजिनाच्या तोंडाकडच्या गोल भागाच्या) दारावर खाली असलेली लंबगोल पाटी इंजिनाचे घरचे शेड सांगते, जसे ‘३४ए’ म्हणजे किंग्ज क्रॉस आणि ‘८१ए’ म्हणजे ओल्ड ओक कॉमन. छायाचित्र तिथेच घेतले असे ती सांगत नाही. ही गफलत फार सर्रास होते.

यानंतर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे जुने नकाशे उघडावेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते मोठ्या प्रमाणावर सर्वांसाठी मोफत पाहण्यास ठेवले आहेत, आणि मोठ्या प्रमाणाच्या नकाशांत सांधे, केबिन आणि पादचारी पूलसुद्धा दाखवलेले असतात. सावल्याही कामाला येतात, कारण त्या अक्षांशावर दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. काहीच जुळत नसेल, तर निगेटिव्ह उलटी स्कॅन झाली आहे का ते पाहावे. ब्रिटनमध्ये गाड्या आपल्याकडच्यासारख्याच डावीकडून धावतात. दुहेरी मार्गावर गाडी उजवीकडून येताना दिसली आणि पुरुषांच्या कोटांची बटणेही उलट्या बाजूला असली, तर चूक स्कॅन करणाऱ्याची.

एवढी छायाचित्रे एकाच साच्यातली का वाटतात?

समोरून थोडे तिरके घेतलेले इंजिन, छायाचित्रकाराच्या पाठीमागे सूर्य, चाकांवर ऊन : हा साचा आधी गरजेतून आला. मंद फिल्म आणि वेगाने जाणारी गाडी यांची सांगड घालायला भरपूर ऊन लागे, आणि रुळांलगत उभे राहण्याचा परवाना मिळवलेली मंडळी त्याच त्या सोयीच्या जागी उभी राहत. गरज संपल्यावरही सवय उरली. या चौकटीत राहूनही थोर काम करणारे होते. वेकफिल्डचे बिशप एरिक ट्रेसी हे त्यांतले अग्रणी. लिव्हरपूलच्या एज हिल भागात धर्मगुरू असताना त्यांची इंजिन ड्रायव्हरांशी मैत्री जुळली. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले तेही ॲपलबी स्थानकावर, गाडीची वाट पाहत असताना. आयव्हो पीटर्स यांनी सॉमरसेट अँड डॉर्सेट या एकाच मार्गाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला.

आमची स्वतःची पसंती मात्र वेगळी आहे. लेस्टरचे एस. डब्ल्यू. ए. न्यूटन यांनी १८९० च्या दशकात ग्रेट सेंट्रलच्या लंडनकडे जाणाऱ्या नव्या मार्गाचे बांधकाम टिपले. त्यात खोदकाम, पूल आणि बोगदे तर आहेतच, पण खोदकामगार, त्यांच्या लाकडी झोपड्या आणि त्यांची कुटुंबेही आहेत. तो मार्ग १८९९ मध्ये खुला झाला आणि त्याचा बहुतांश भाग साठच्या दशकात बंद पडला. चकचकीत इंजिनांच्या हजारो छायाचित्रांतून जे कळत नाही, ते या संग्रहातून कळते.

छायाचित्र जुने आहे. ते मुक्तपणे वापरता येईल ना?

जुने असणे आणि प्रताधिकारातून (कॉपीराइटमधून) मुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये छायाचित्रकार ज्ञात असेल तर सर्वसाधारणपणे त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, म्हणजे त्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरपर्यंत, प्रताधिकार टिकतो. बिशप ट्रेसी यांनी १९६० मध्ये घेऊन तेव्हाच प्रसिद्ध केलेले छायाचित्र त्यामुळे २०४८ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील. छायाचित्रकार अज्ञात असेल तर छायाचित्र घेतल्यापासून ७० वर्षे मोजतात, आणि त्या मुदतीत ते प्रथम प्रसिद्ध झाले असल्यास प्रसिद्धीपासून ७० वर्षे. जुन्या कायद्यांतून नव्या कायद्यात येतानाच्या तरतुदी किचकट आहेत. पुस्तक किंवा व्यापारी वापराचा विचार असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. अधिकारधारक शोधूनही सापडत नसेल, तर ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडून २०१४ पासून अशा अनाथ कृतींसाठी परवाना घेता येतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत लागू झाली.

मी निगेटिव्ह पैसे देऊन विकत घेतली आहे. मग हक्क माझाच नव्हे का?

वस्तू आपली झाली, हक्क नव्हे. प्रताधिकार लेखी करारानेच हस्तांतरित होतो, आणि लिलावातल्या निगेटिव्हसोबत असा करार क्वचितच येतो. छायाचित्रावर स्वतःच्या नावाचा मोठा शिक्का उमटवण्याची प्रथा तर सोडूनच द्यावी. त्याने चोरी थांबत नाही, आणि नेमका क्रमांक झाकला जातो.

छायाचित्रासोबत काय लिहावे?

ठिकाण, तारीख, इंजिन, गाडी, छायाचित्रकार आणि प्रत कुठून मिळाली, एवढे लिहावे. यांतले प्रत्यक्ष दिसणारे काय, मागच्या बाजूला लिहिलेले काय आणि आपला तर्क कोणता, हे वेगवेगळे सांगावे. मागचा मजकूर शब्दशः उतरवावा, चुकीचा वाटला तरी सुधारू नये. दुरुस्ती शेजारी नोंदवावी. पूर्वीच्या नोंदीशी मतभेद असल्यास पुरावा द्यावा. ‘माझा चाळीस वर्षांचा अभ्यास आहे’ हा पुरावा नव्हे.

अपघातांची छायाचित्रे दाखवावीत का?

ऐतिहासिक प्रयोजन असेल तर दाखवावीत, पण संयमाने. ८ ऑक्टोबर १९५२ रोजी हॅरो अँड वील्डस्टोन येथे ११२ माणसे दगावली. त्यांचे निकटचे आप्त आजही हयात असू शकतात. मृतांचे वा जखमींचे चेहरे ओळखू येतील अशी छायाचित्रे टाळावीत.

या विषयाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो कारखान्यांच्या दप्तरांत सापडतो. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे मार्ग सुरू करणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची इंजिने लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली होती. पुढे घाटांसाठी घेतलेली विजेची ‘मगर’ इंजिनेही काही स्वित्झर्लंडमध्ये तर काही याच कारखान्यात तयार झाली. अशा इंजिनांची कारखान्यातली छायाचित्रे भारतात घेतलेली म्हणून फिरत असतात. पार्श्वभूमी पुसलेली असली आणि इंजिनावर एकही डाग दिसला नाही, की ते कल्याणचे नसून लँकेशायरचे असण्याची शक्यता धरावी.

आणखी एक गफलत होते, आणि ती बार्शीकरांना आवडेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिची इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातली होती. त्याच कॅलथ्रॉप यांच्या देखरेखीखाली स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ मध्ये लीक अँड मॅनिफोल्ड हा मार्ग सुरू झाला : तोच अडीच फुटी गेज (दोन रुळांमधले अंतर), तोच किटसन कारखाना, आणि इंजिनावर भारतीय वळणाचा प्रचंड दिवा. एका इंजिनाला तर कॅलथ्रॉप यांचेच नाव होते. तो मार्ग १९३४ मध्ये बंद झाला, पण त्याची छायाचित्रे पाहून हा सोलापूरचा परिसर असावा असे वाटून जाते. छोट्या गाड्यावर मोठ्या गेजची आख्खी वाघीण चढवलेली दिसली तर मॅनिफोल्डचे खोरे समजावे.

घरात जुन्या निगेटिव्ह सापडल्या आहेत. आधी काय करावे?

आधी वास घ्यावा आणि कडा वाचाव्यात. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे ॲसिटेट फिल्म विघटित होऊ लागली आहे. ती इतरांपासून लगेच वेगळी ठेवावी, कारण ही विकृती शेजारच्या फिल्ममध्ये पसरते. काठावर ‘सेफ्टी’ असे छापलेले नसेल आणि फिल्म पन्नासच्या दशकाच्या आधीची असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट फिल्म भडकून पेटते आणि पेटल्यावर विझवता येत नाही. तिला स्कॅनरच्या दिव्याखाली धरू नये, कपाटात कोंडू नये, अभिलेखागाराशी संपर्क साधावा. काचपट्ट्या कडांना धरून हाताळाव्यात आणि लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात.

स्कॅन करताना कागदी प्रतीला ६०० आणि ३५ मिमी फिल्मला ४,००० डीपीआयच्या आसपास ठेवून टिफ स्वरूपात जतन करावे. प्रतीची मागची बाजूही स्कॅन करावी. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि प्लॅस्टिकचे चिकट पानांचे अल्बम वर्ज्य समजावेत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यापूर्वी नायट्रेट आणि विघटित होऊ लागलेली फिल्म सोडून बाकीचा संग्रह घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, आणि जेलचा रंग बदलला की ते बदलावे. नोंद करायची असेल तर मागच्या बाजूला, काठाजवळ, मऊ पेन्सिलीने करावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.